गिधाडे कोठे गेली?

एखाद्या लोभी माणसाला दूषण द्यावयाचे असले म्हणजे आपण त्याला गिधाडाची उपमा देतो. दुसऱ्याच्या संकटावर डोळा ठेवणारा मनुष्य 'गिधाडासारखा टपून बसला आहे', असे सहज बोलून जातो. मोर, राजहंस, चातक, चकोर यांच्या वाट्याला कवींचे कौतुक आले. कावळ्याचे कोणी कौतुक करीत नसले, तरी पितृपक्षात त्याचीही वाट पाहिली जाते. गिधाडाच्या वाट्याला मात्र शिवीच आली. त्याचे रूपही असे की, त्याची बाजू घेऊन भांडावयास सहसा कोणी पुढे होऊ नये. पिसांवाचून उघडी पडलेली मान, पोक काढून बसण्याची रीत, जमिनीवरची ती बेढब चाल. आणि आहार पाहावा, तर मेलेल्या जनावराचे मांस!

रामायणकर्त्याने मात्र या पक्ष्याला निराळ्या दृष्टीने पाहिले. सीतेला पळवून नेणाऱ्या रावणाला एकट्याने आडवा जाणारा वृद्ध जटायू हा गृध्र, म्हणजे गिधाडच होता. नाशिक जिल्ह्यात इगतपुरी तालुक्यातील टाकेद या ठिकाणी त्याने देह ठेवला, अशी लोकांची श्रद्धा आहे. त्याचा थोरला भाऊ संपाती. पंख जळून गेल्यामुळे याला उडता येत नसे. तरी समुद्राच्या अलीकडून त्याने लंकेतील सीता पाहिली आणि वानरांना तिचा ठावठिकाणा सांगितला. कथेतील अतिशयोक्ती बाजूला ठेवली, तरी गिधाडाची नजर किती दूर पोचते हे जुन्या लोकांनी नीट न्याहाळले होते, एवढे यावरून उघड दिसते.

ही नजरच गिधाडाच्या संसाराचे भांडवल होय. मेलेले जनावर त्याला वासाने सापडते अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नाही. आपल्याकडील गिधाडे डोळ्यांनी अन्न शोधतात. सकाळी ऊन चढू लागले, जमीन तापली, म्हणजे तापलेली हवा वर चढू लागते. त्या वर चढणाऱ्या हवेवर आपले रुंद पंख पसरून गिधाड नुसते तरंगते. पंख हलविण्याचे श्रमसुद्धा ते शक्यतो टाळते. असे घिरट्या घेत घेत ते इतके उंच जाते की, खालून पाहणाराला आकाशात एक ठिपका तेवढा दिसावा. एवढ्या उंचीवरून ते दोन गोष्टींवर लक्ष ठेवून असते: एक खालची जमीन आणि दुसरी आपली शेजारची गिधाडे. एकाने अन्न पाहून खाली झेप घेतली की, दूरवर घिरट्या घालणाऱ्या दुसऱ्याला ते दिसते. दुसरा वळला की तिसऱ्याला कळते. अशी बातमी आकाशातून पसरत जाते आणि जेथे क्षणापूर्वी एकही पक्षी नव्हता, तेथे थोड्याच वेळात मोठा थवा उतरतो.

मग जे काम सुरू होते ते पाहावयास सुंदर नाही, पण त्यासारखे चोख काम दुसऱ्या कोणाला साधत नाही. मोठा थवा असला, तर एका बैलाचे शव तासाभराच्या आत साफ होते. मागे राहतो तो हाडांचा सांगाडा. ज्या उघड्या मानेला आपण हसतो, ती याच कामासाठी आहे. शवात डोके घालावे लागते, तेथे पिसे असती तर ती रक्तमांसाने माखून कुजली असती. गिधाडाच्या जठरातील आम्ल तर इतके तीव्र असते की, काळपुळीसारख्या भयंकर रोगाचे जंतूही त्यात सहसा टिकत नाहीत. जे मांस इतरांना विष, ते याला अन्न. आणि त्या अन्नाबरोबर रोगाची वाटही तेथेच बंद होते.

आपल्या देशाला या कामाची केवढी गरज होती, हे एका आकड्यावरून ध्यानात येईल. सन २०१९ च्या पशुगणनेत भारतात सुमारे १९ कोटी गाईबैल आणि जवळजवळ ११ कोटी म्हशी मोजल्या गेल्या. आपल्याकडे बहुतेक लोक गाईबैलांचे मांस खात नाहीत. तेव्हा म्हातारे होऊन अगर आजाराने जे जनावर मरते, त्याचे काय करावयाचे हा प्रश्न गावोगाव रोजच उभा असतो. पिढ्यान् पिढ्या त्याचे उत्तर एकच होते. कातडे काढून घेतल्यावर शव गावाबाहेर माळावर टाकले जाई. पुढचे काम गिधाडे करीत. नंतर वाळलेली हाडे गोळा करणारे लोक येत आणि ती हाडे खतासाठी विकली जात. या व्यवस्थेत कोणाला खड्डा खणावा लागला नाही, लाकूड जाळावे लागले नाही, की ग्रामपंचायतीला पैसा खर्च करावा लागला नाही. मुंबईच्या मलबार हिलवरील डुंगरवाडीत पारशी समाजाची अंत्यविधीची जुनी प्रथाही याच पक्ष्यावर विसंबून होती. या सगळ्याचा मोबदला गिधाडांनी कधी मागितला नाही. म्हणूनच बहुधा त्यांच्या कामाची किंमत कोणी मांडून पाहिली नाही.

सन १९८० च्या सुमारास भारतात गिधाडे कोट्यवधी होती. त्यांतही पांढऱ्या पाठीचे गिधाड तर गावाशेजारच्या उंच झाडांवर, शहरांच्या कचराभूमीवर, सर्वत्र दिसे. जी वस्तू सर्वत्र दिसते तिची गणना कोणी करीत नाही. चिमण्या-कावळ्यांप्रमाणे गिधाडेही आकाशात असावयाचीच, असे लोक धरून चालले होते.

सुदैवाने राजस्थानात भरतपूर येथील केवलादेव राष्ट्रीय उद्यानात मोजणी करणारा एक मनुष्य होता. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी या मुंबईच्या जुन्या संस्थेतील पक्षिशास्त्रज्ञ विभू प्रकाश यांनी सन १९८७-८८ मध्ये तेथे पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची ३५३ घरटी करणारी जोडपी मोजली होती. आठनऊ वर्षांनी ते पुन्हा मोजावयास गेले, तेव्हा निम्मीसुद्धा उरली नव्हती. झाडाखाली आणि फांद्यांत अडकलेले मेलेले पक्षी दिसत होते. जी जिवंत होती, त्यांतील कित्येक मान खाली टाकून, जणू डुलक्या घेत, दिवसेंदिवस बसून राहत आणि एके दिवशी फांदीवरून खाली पडत. अन्नाची टंचाई म्हणावी, तर जनावरांची शवे माळावर तशीच पडून होती. शिकार म्हणावी, तर अंगावर जखम नव्हती. पुढे देशभर मोजणी झाली आणि जे दिसले त्यावर विश्वास बसणे कठीण होते. सन १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारातून एक उरली. लांब चोचीच्या आणि सडपातळ चोचीच्या गिधाडांचीही शंभरांतून तीनचारच शिल्लक होती. एवढ्या थोड्या काळात एवढे मोठे पक्षी इतक्या वेगाने नाहीसे झाल्याचे उदाहरण शास्त्रज्ञांच्या पाहण्यात नव्हते.

कारण काय असावे? पहिला संशय एखाद्या नव्या साथीवर गेला, आणि तो स्वाभाविक होता. पिकांवर फवारल्या जाणाऱ्या विषारी औषधांकडेही बोट दाखविले गेले. परंतु संशय म्हणजे पुरावा नव्हे. पाकिस्तानातील पंजाब प्रांतातही गिधाडे अशीच मरत होती. तेथे अमेरिकेतील पशुरोगतज्ज्ञ लिंडसे ओक्स आणि त्यांचे सहकारी यांनी मेलेल्या पक्ष्यांची शवे उघडून तपासण्यास आरंभ केला. बहुतेकांच्या पोटात एकच चमत्कारिक दृश्य दिसले: हृदय, यकृत, मूत्रपिंडे यांवर खडूची पूड शिंपडावी तसा पांढरा थर. तो युरिक आम्लाचा होता. पक्ष्यांच्या शरीरातील हे त्याज्य द्रव्य मूत्रपिंडे बाहेर टाकीत असतात. ती निकामी झाली की ते रक्तात साठते आणि अवयवांवर असे थिजते. तेव्हा गिधाडांची मूत्रपिंडे कोणी तरी मारीत होते. जंतूंची तपासणी झाली; काही सापडले नाही. शिसे व इतर जड धातू तपासले, ते नव्हते. शेतीची विषे तपासली, तीही नव्हती.

येथे पुष्कळांनी हात टेकले असते. ओक्स यांनी प्रश्न फिरवून विचारला. गिधाड खाते ते फक्त मेलेले गुरू; मग त्या गुराच्या पोटात मरण्यापूर्वी काय गेले होते? त्यांनी त्या भागातील पशुवैद्यांना आणि औषधविक्रेत्यांना विचारून गुरांना दिल्या जाणाऱ्या औषधांची यादी केली आणि त्यांतून मूत्रपिंडाला अपाय करू शकणारे, सर्रास वापरले जाणारे, पोटात गेल्यावर अंगात भिनणारे असे औषध शोधले. असे एकच निघाले. त्याचे नाव डायक्लोफेनॅक. मग जपून ठेवलेले नमुने पुन्हा तपासले गेले. पोटात पांढरा थर असलेल्या २५ गिधाडांची तपासणी केली, तर पंचविसांच्याही अंगात ते औषध निघाले. इतर कारणांनी मेलेल्या १३ गिधाडांपैकी एकातही निघाले नाही. हे औषध टोचलेल्या म्हशीचे व शेळीचे मांस गिधाडांना देऊन पाहिले, तेव्हा ती तशीच मेली. सन २००४ च्या जानेवारीत 'नेचर' या शास्त्रीय नियतकालिकात हे संशोधन प्रसिद्ध झाले.

आता या औषधाला सरळ 'विष' म्हणून मोकळे होता येत नाही, आणि हीच या कथेतील अवघड जागा आहे. डायक्लोफेनॅक हे सूज उतरविणारे आणि वेदना शमविणारे औषध. माणसांच्या गुडघेदुखीवर, पाठदुखीवर ते आजही दिले जाते. सन १९९० नंतरच्या दशकात ते स्वस्त झाले आणि गुरांसाठीही मिळू लागले. जुवाने खांदा सुजलेला बैल, कास सुजलेली गाय, पाय मुरगळल्यामुळे उठू न शकणारी म्हैस यांना सुई टोचली की, काही वेळातच जनावर उठून चाऱ्याला तोंड लावी. ज्या शेतकऱ्याने चार पैसे खर्चून आपल्या बैलाचे दुखणे कमी केले, त्याने कोणते पाप केले? त्याच्या गोठ्यातील मुक्या जिवाला त्याने आराम दिला. औषध तयार करणाराने ते गुरांना अपायकारक नाही ना, एवढे पाहिले होते. ते गुरू मेल्यावर त्याला खाणाराचे काय होईल, हा प्रश्न मात्र कोणाच्याच यादीत नव्हता. कावळ्याच्या शापाने गाय मरत नाही, अशी म्हण आहे. येथे तर गाईला बरे करण्यासाठी दिलेल्या औषधाने आकाशातले पक्षी मेले.

दुसरे एक कोडे उरते. काही सगळ्याच गुरांना हे औषध दिले जात नव्हते, आणि दिलेली सगळीच गुरे लगेच मरत नव्हती. मग एवढा संहार कसा झाला? याचे उत्तर गिधाडांच्या त्या पंक्तीत आहे. एका शवावर मोठा थवा बसतो. त्या एका शवात औषध असेल तर साऱ्या पंगतीला ते बाधते. गिधाड दूरदूर हिंडते, आज या माळावर तर आणखी दोन दिवसांनी पलीकडच्या जिल्ह्यात जेवते. वर्षभरात ते अनेक शवांवर बसते, आणि त्यांतील एकच घातक निघाले तरी पुरे. शास्त्रज्ञांनी गणित मांडून दाखविले की, शंभरांत एका शवाहूनही कमी शवांत असे औषध असले, तरी गिधाडांचा असा ऱ्हास होऊ शकतो. ज्या गुणांनी गिधाड इतका उत्तम सफाई करणारा झाला, ती दूरदृष्टी, ते एकमेकांकडे पाहून धावत येणे, त्या गुणांनीच त्याचा घात केला.

गिधाडे गेली, पण गुरे मरावयाची थांबली नाहीत. माळावर शवे कुजू लागली. त्यांवर भटकी कुत्री पोसली जाऊ लागली. कुत्रा शव पुरते साफ करीत नाही. शिवाय तो पिसाळतो आणि माणसाला चावतो. काही ठिकाणी शवे ओढ्यानाल्यांत टाकली जाऊ लागली आणि पिण्याचे पाणी बिघडले. इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी भारतातील जिल्ह्यांचे दोन गट करून पाहिले. ज्या जिल्ह्यांत पूर्वी गिधाडे भरपूर होती, तेथे ती गेल्यावर माणसांचे मृत्यू चार टक्क्यांहून अधिक वाढले. जेथे ती मुळातच थोडी होती, तेथे तशी वाढ झाली नाही. सन २००० ते २००५ या काळात सुमारे पाच लाख माणसे यामुळे अधिक दगावली असावीत, असा त्यांचा अंदाज सन २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या कामाची किंमत कोणी मांडली नव्हती, ती अशा रीतीने मांडली गेली. डुंगरवाडीत सूर्याची उष्णता एकवटणारी तावदाने बसवावी लागली, आणि पावसाळ्यात सूर्यच दिसत नाही, तेव्हा त्यांचाही इलाज चालत नाही.

सरकारने सन २००६ मध्ये गुरांसाठी डायक्लोफेनॅक तयार करण्यास बंदी घातली. त्याच सुमारास मेलॉक्सिकॅम हे दुसरे औषध गिधाडांना अपाय करीत नाही, असे प्रयोगाने सिद्ध झाले. तेही गुरांच्या सुजेवर चांगले लागू पडते. म्हणजे बैलाचे दुखणे आणि गिधाडाचा जीव यांपैकी एकच निवडण्याची वेळ कधी नव्हतीच. अगोदर तपासून पाहण्याचे तेवढे राहिले होते. बंदीनंतर लोकांनी पळवाट काढली. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या आणून त्या गुरांना टोचल्या जाऊ लागल्या. तेव्हा सन २०१५ मध्ये माणसांच्या औषधाची कुपी तीन मिलिलिटरपेक्षा मोठी असू नये, असा नियम करावा लागला. दरम्यान ॲसिक्लोफेनॅक नावाचे दुसरे औषध पुढे आले. ते गुराच्या शरीरात गेल्यावर त्याचे डायक्लोफेनॅकच बनते! कीटोप्रोफेन हेही गिधाडांना घातक ठरले. या दोहोंवर गुरांच्या बाबतीत बंदी यावयास सन २०२३ उजाडले.

मारणे जितके जलद झाले, तितके वाढविणे जलद होत नाही. हरियाणातील पिंजोर येथे जटायूच्या नावाने एक संवर्धन केंद्र आहे. सन २००१ मध्ये आजारी गिधाडांच्या शुश्रूषेसाठी तेथे काम सुरू झाले; पुढे मोठ्या पिंजऱ्यांत त्यांची वीण वाढविण्यात आली. सन २०२० मध्ये तेथून काही पक्षी पाठीवर लहानसे संदेशयंत्र बांधून मोकळे सोडण्यात आले. ते कोठे जातात, काय खातात आणि जगतात की नाही, हे त्यावरून कळते. सन २०२४ मध्ये तेथील काही गिधाडे महाराष्ट्रात पेंच आणि ताडोबा येथे आणली गेली.

महाराष्ट्रात गिधाडे अगदीच संपली असे नाही. रायगड जिल्ह्यात म्हसळा तालुक्यातील चिरगावच्या परिसरात पांढऱ्या पाठीची गिधाडे टिकून राहिली आहेत. तेथे गावकऱ्यांच्या मदतीने मेलेले जनावर ठराविक उघड्या जागी ठेवले जाते, म्हणजे पक्ष्यांना निर्धोक अन्न मिळते. सन २०२० च्या जून महिन्यात 'निसर्ग' नावाचे चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळले आणि त्या भागातील असंख्य उंच झाडे उन्मळून पडली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडाला घरटे बांधावयास उंच झाडच लागते.

या पक्ष्याची मादी वर्षाला एकच अंडे घालते. पावसाळा सरून थंडीची चाहूल लागली की, घरट्याची डागडुजी सुरू होते. नर आणि मादी आळीपाळीने अंड्यावर बसतात; दीडदोन महिन्यांनी पिल्लू बाहेर येते. मग एकाने घरट्याशी थांबावयाचे आणि दुसऱ्याने अन्नाच्या शोधात दूरवर जावयाचे, असा क्रम तीनएक महिने चालतो. पिल्लू घरट्याच्या काठावर येऊन पंख झाडू लागते, तोवर कोकणातील आंब्यांना कैऱ्या लोंबू लागलेल्या असतात. त्या पिल्लाने स्वतः घरटे बांधून अंडे घालावे, याला त्यापुढे आणखी चारपाच पावसाळे जावे लागतात.